‘समाज’ आणि ‘सहप्रवास’ : समलिंगी व्यक्तींच्या समूहभावनेचा शब्देतिहास

मराठी व्यवहारात ‘समाज’ हा शब्द बहुधा जन्माने लाभणाऱ्या समूहास लावला जातो. नांदेड जिल्ह्यातील उमरीसारख्या गावी ‘तुमचा समाज कोणता?’ या प्रश्नास जातीचेच उत्तर अपेक्षित असते. अशा समाजाची रीत, बोली व नातेवाचक संज्ञा मूल घरातच आत्मसात करते. समलिंगी व्यक्तीची स्थिती याच्या उलट होय. तिचे आईबाप सामान्यतः त्या समूहातील नसतात. आपल्यासारखे आणखी कोणी आहे, हे तिला घराबाहेरून, आणि पुष्कळदा प्रथम एखाद्या शब्दातून कळते. म्हणूनच या समूहभावनेचा इतिहास पाहताना तिने स्वतःसाठी निवडलेली नावे तपासणे अगत्याचे ठरते.

कायद्याने असे नाव दिले नव्हते. १८६० च्या भारतीय दंडविधानातील ३७७ वे कलम कृत्याचा निर्देश करी, समूहाचा नव्हे. उमरीचा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. हैदराबाद राज्यास हे दंडविधान १९५१ मध्ये लागू झाले. या कलमाने भय दिले. परस्परांची ओळख दिली नाही. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) या नाटकातील सुमित्रेस एक मित्र आहे, परंतु आपल्यासारख्यांचा समूह नाही. तिचा शेवट आत्मघातात होतो.

पुढील दोन दशकांत समूहवाचक नावे घडली. १९९० मध्ये अशोक राव कवी यांनी मुंबईत ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक काढले; १९९४ मध्ये तेथेच ‘हमसफर ट्रस्ट’ स्थापन झाला; २००२ मध्ये बिंदुमाधव खिरे यांनी पुण्यात ‘समपथिक ट्रस्ट’ उभारला. यांपैकी शेवटची दोन नावे भाषादृष्ट्या विशेष लक्षणीय आहेत. फारसी ‘हम’ आणि संस्कृत ‘सम’ हे एकाच मूळचे शब्द होत. ‘हफ्त’ व ‘सप्त’ यांत दिसणारा ह-स हा भेदच येथे आहे. ‘सफर’ अरबी, ‘पथिक’ संस्कृत. तथापि दोन्ही समासांचा आशय एकच : सोबत वाट चालणारा. हिजड्यांच्या परंपरेत गुरू, चेला, नानी अशी घराण्याची शब्दावली आहे. येथे मात्र नाते वाटेचे आहे, घराण्याचे नाही.

मराठी, तेलुगू व दखनी यांच्या सान्निध्यातील उमरीस यांपैकी कोणताही समास परका वाटू नये. परंतु शब्द पोहोचला म्हणजे माणसे भेटली असे होत नाही. उमरीचे स्थानक मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावर आहे. समूहाची प्रकट केंद्रे मात्र प्रथम महानगरांत उभी राहिली. २००८ मध्ये मुंबईत व २०११ मध्ये पुण्यात अभिमानयात्रा निघाल्या. अशा ठिकाणच्या व्यक्तीस समूहाचा प्रत्यय आधी वाचनातून व नंतर प्रवासातून यावा, हे स्वाभाविक होय. त्या प्रवासाहून परतल्यावर घरात पुन्हा मौनच असेल, तर तिची समूहभावना दोन ठिकाणी विभागली जाते.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे संबंध ३७७ व्या कलमातून मुक्त केले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहास मान्यता देण्याचे नाकारले. पहिल्या निर्णयाने वाटेवरील भय सरले. दुसऱ्याने घराचा प्रश्न तसाच ठेवला. मराठीतही सोबत्यासाठी शब्द घडले आहेत. त्याच सोबत्याची ओळख आईवडिलांना करून देताना उच्चारता येईल असा सर्वमान्य नातेवाचक शब्द मात्र अद्याप रुळावयाचा आहे.