जमीन घेताना : सातबाऱ्यापलीकडची कागदपत्रे

सातारा किंवा सांगली परिसरात जागा घेणारा ग्राहक प्रथम सातबारा मागतो. विकणाऱ्याचे नाव त्यावर असले, की व्यवहार निर्धोक आहे, असा त्याचा समज होतो. परंतु सातबारा हा महसुली अभिलेख आहे. जमीन कोणाच्या नावे आहे, क्षेत्र किती, पीक कोणते आणि बोजा कोणाचा, हे तो सांगतो. तेथे घर बांधता येईल का, नियोजित रस्ता त्यातून जातो का, जागा पूररेषेत येते का, या प्रश्नांची उत्तरे त्यात नसतात.

न्यूझीलंडमध्ये १९८७ च्या कायद्यानुसार कोणाही व्यक्तीने अर्ज केल्यास नगरपरिषदेला त्या जागेचा माहिती अहवाल कामकाजाच्या दहा दिवसांत द्यावा लागतो. पुराचा धोका, सांडपाण्याच्या वाहिन्या, बांधकाम परवाने, थकीत कर हे सारे त्यात एकत्र मिळते. आपल्याकडे ही माहिती चार-पाच कार्यालयांत विखुरलेली असून, ती जुळवण्याची जबाबदारी ग्राहकावरच पडते.

महसुली नोंदी

सातबाऱ्यातील ‘इतर अधिकार’ हा रकाना बारकाईने वाचावा. कर्जाचा बोजा, कुळाचा हक्क, हस्तांतरणावरील निर्बंध तेथे नोंदलेले असतात. ‘भोगवटादार वर्ग २’ असा उल्लेख असल्यास विक्रीसाठी सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी सामान्यतः आवश्यक ठरते. दोन्ही जिल्ह्यांत धरणांच्या लाभक्षेत्रातील जमिनींवर प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनासाठीचे शेरे आढळतात, तेही तपासावेत. जुने फेरफार पाहिल्यास वारसांची नावे सुटली आहेत का, हे कळते. नगर भूमापन झालेल्या भागात मालमत्ता पत्रक पाहावे. मागील तीस वर्षांच्या नोंदणीकृत व्यवहारांचा शोध वकिलामार्फत दुय्यम निबंधक कार्यालयात घेण्याची पद्धत आहे.

झोन दाखला आणि भाग नकाशा

जागेचे भवितव्य सांगणारा कागद म्हणजे झोन दाखला. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ मध्ये स्थापन झालेल्या महापालिकेच्या हद्दीत तो महापालिकेच्या नगररचना विभागाकडून मिळतो. जागा निवासी विभागात आहे की शेती विभागात, तिच्यावर शाळा, उद्यान वा रस्त्याचे आरक्षण आहे का, हे त्यावरून कळते. सोबत भाग नकाशाही घ्यावा. रस्त्याची रेषा भूखंडाला कोठे छेदते, हे नकाशातच दिसते.

आरक्षण कायमचेच असते असे नाही. प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार दहा वर्षांत संपादन न झाल्यास मालकाला खरेदी सूचना देता येते, आणि विहित मुदतीत कार्यवाही न झाल्यास आरक्षण व्यपगत होते. मात्र ‘आरक्षण उठणार आहे’ या तोंडी आश्वासनावर जागा घेऊ नये.

साताऱ्यात २०२० मध्ये नगरपालिकेची हद्दवाढ होऊन शाहूपुरी, विलासपूर असे भाग शहरात आले. त्यामुळे पूर्वी ग्रामपंचायतीने दिलेली कागदपत्रे आणि आजचे नियोजन प्राधिकरण यांचा मेळ पाहणे अगत्याचे ठरते. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तेथील निर्बंध स्वतंत्र आहेत.

निळी रेषा, लाल रेषा

सांगलीत सर्वांत महत्त्वाचा प्रश्न कृष्णेचा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार नदी व निळी रेषा यांमधील पट्टा नव्या इमारतींसाठी निषिद्ध आहे. दोन रेषांमधील पट्ट्यात बांधकामास परवानगी मिळू शकते, पण ते लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंच असावे लागते. भराव, जोते आणि खर्च यांचे गणित त्यावरच बदलते.

गुंठेवारीचा धडा

शामरावनगरसारख्या वसाहती शेतजमिनीचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे विकून उभ्या राहिल्या. स्वस्त भूखंड मिळाला, पण मंजूर रेखांकन नसल्याने रस्ते आणि गटारे मागे राहिली; सखल भागात पावसाचे पाणी घरापर्यंत येऊ लागले. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने अशी बांधकामे नियमित करण्याची वाट दिली आणि २०२१ मध्ये ती सवलत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारी विकासालाही लागू झाली. तथापि नियमितीकरण म्हणजे पाण्याचा निचरा नव्हे. असा भूखंड घेताना नियमितीकरणाचा प्रत्यक्ष आदेश मागावा. शुल्क भरल्याची पावती त्याची जागा घेऊ शकत नाही.

सर्वांत शेवटी भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून घ्यावी. कागदावरील क्षेत्र आणि जागेवरील कुंपण यांतील तफावत तेव्हाच उघड होते. हे सारे इसार देण्यापूर्वी करावयाचे असते. एकदा इसार दिला, की त्यानंतर समजलेली प्रत्येक गोष्ट ग्राहकालाच महाग पडते.