‘पडणे’ आणि ‘पाडणे’ : वार व गर्भनाश यांची मराठी परिभाषा

गर्भाचे पोषण करणाऱ्या अवयवास मराठीत ‘वार’ म्हणतात. संस्कृत वैद्यकात तिचे नाव ‘अपरा’. नाभीस नाडी, नाडीस अपरा व अपरा मातेच्या हृदयाशी जोडलेली, असे चरकसंहितेत सांगितले आहे. सुश्रुतसंहिता चौथ्या महिन्यापर्यंतच्या गर्भनाशास ‘स्राव’ आणि पाचव्या-सहाव्या महिन्यांतील नाशास ‘पात’ म्हणते. हा भेद काळाचा होय, कर्त्याचा नव्हे.

कर्त्याचा भेद बोलीने राखला. प्रसूतीनंतर वार ‘पडते’, अकाली गर्भही ‘पडतो’. परंतु ‘पाडणे’ या प्रयोजक रूपात कोणाचा तरी हेतू अभिप्रेत असतो. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने बुद्धिपुरस्सर घडविलेला गर्भपात अपराध ठरविला. १९७१ च्या कायद्याने काही अटींवर त्यास मुभा दिली. दोहोंच्या चर्चेत ‘गर्भपात’ हाच शब्द रूढ झाला आणि पडणे व पाडणे यांतील सीमारेषा पुसट झाली.

या विषयाच्या अभ्यासाचा एक धागा कुलाबा, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड, किनाऱ्याशी जुळतो. गोपाळराव जोशी पोस्टखात्याच्या नोकरीनिमित्त अलिबागेस असताना आनंदीबाईंचेही तेथे वास्तव्य होते. त्यांचा एकुलता मुलगा जन्मानंतर दहा दिवसांतच दगावला होता. पुढे १८८६ साली फिलाडेल्फिया येथे वैद्यकीय पदवीसाठी त्यांनी प्रबंध सादर केला, तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. फेब्रुवारी १८८७ मध्ये त्या निवर्तल्या. ते ज्ञान मायदेशी रुजविण्यास त्यांना अवधी मिळाला नाही.

आजचे वैद्यक सांगते की, आरंभीच्या महिन्यांतील अनेक गर्भनाश गुणसूत्रांच्या दोषांमुळे होतात. उत्तरार्धात वारेचे विकार विशेष घातक ठरतात. वार गर्भाशयाच्या मुखावर बसल्यास रक्तस्राव संभवतो; ती प्रसूतीपूर्वीच सुटल्यास गर्भाचा प्राणवायू तुटतो. वारेतून रक्तपुरवठा अपुरा पडला तर गर्भाची वाढ खुंटते. यांपैकी काहीही स्त्रीच्या इच्छेने घडत नाही.

म्हणून परिभाषेचा प्रश्न येथे केवळ कोशकाराचा उरत नाही. रुग्णालयाच्या कागदावर विशेषणावाचून ‘गर्भपात’ लिहिले, की दुःखी स्त्रीवर न केलेल्या कृतीचा संशय येऊ शकतो. ‘गर्भ पडला’ हे साधे अकर्मक वाक्य तिला त्या संशयातून सोडविते. शास्त्रीय लेखनाने बोलीचा हा विवेक स्वीकारणे इष्ट होय.