बाईंच्या प्रश्नाचं उत्तर

नववीतली वादविवाद स्पर्धा आठवते? विषय होता, ‘अंतराळ संशोधनावरचा खर्च योग्य की अयोग्य?’ मी खर्चाच्या बाजूने बोलले आणि ढाल आपल्या तुकडीला मिळाली. नंतर इतिहासाच्या बाईंनी मला विचारलं, “माणूस चंद्रावर गेला तेव्हा जमिनीवर काय चाललं होतं, ते वाचलंस का?” मी वाचलं नव्हतं. सॉफ्टवेअरमध्ये वीसेक वर्षं काढल्यावर आज उत्तर देते आहे.

१४ मे १९६१ रोजी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात जमावाने एक बस पेटवली. गुन्हा एवढाच, की काळे आणि गोरे प्रवासी एकत्र बसले होते. त्यानंतर अकराच दिवसांनी अध्यक्ष केनेडींनी दशक संपायच्या आत चंद्रावर माणूस उतरवण्याचं ध्येय देशापुढे ठेवलं.

१९६२ मध्ये जॉन ग्लेन यांनी उड्डाणापूर्वी आग्रह धरला, की संगणकाचे आकडे कॅथरीन जॉन्सन यांनी स्वतः तपासावेत. या कृष्णवर्णीय गणितज्ञ बाई नोकरीला लागल्या, तेव्हा त्यांच्यासारख्यांचा कक्षही वेगळा होता. नागरी हक्कांचा कायदा झाला १९६४ मध्ये.

१५ जुलै १९६९. अपोलो ११ च्या उड्डाणाची आदली संध्याकाळ. मार्टिन ल्यूथर किंग यांचे सहकारी राल्फ अ‍ॅबरनॅथी गरीब कुटुंबांना आणि खेचरांच्या गाड्यांना घेऊन तळाजवळ आले. अंतराळवीरांबद्दल त्यांना अभिमानच होता. देशाने भुकेल्यांचा विचार आधी करावा, एवढंच म्हणणं होतं. नासाचे प्रमुख थॉमस पेन स्वतः त्यांना भेटले. उड्डाण थांबवून गरिबी हटणार असेल तर आम्ही बटण दाबणार नाही, अशा अर्थाचं ते बोलले.

चंद्रावर उतरताना यानाच्या संगणकावर ताण आला आणि १२०२ क्रमांकाची सूचना झळकली. मार्गारेट हॅमिल्टन यांच्या चमूने सिद्ध केलेल्या त्या सॉफ्टवेअरने कमी महत्त्वाची कामं सोडली आणि उतरण्याचं काम चालू ठेवलं. माझ्या व्यवसायात हा धडा आम्ही आजही गिरवतो.

पण बाई, कोणतं काम आधी, हे त्या यंत्राला माणसांनीच सांगितलं होतं. देशालाही ते माणसंच सांगतात, आणि ते ठरवताना कोण खोलीत असतं आणि कोण फाटकाबाहेर, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं.

माझं मत आजही खर्चाच्या बाजूचंच आहे. मात्र विरुद्ध बाजूने बोललेली आपली मैत्रीण मेळाव्यात भेटली, की आधी तिचं म्हणणं नीट ऐकणार आहे. त्या दिवशी मी फक्त खोडून काढलं होतं.