पायी चालणारीचा रस्ता



आमच्या सदाशिव पेठेत खुन्या मुरलीधराचे देऊळ आहे. बाहेरगावची पाहुणी आली की हमखास विचारते, अगं, देवाला असले नाव कसे? गोष्ट पेशवाईच्या अखेरची, १७९७च्या सुमाराची. सावकार दादा गद्रे यांनी हे देऊळ बांधले. मूर्ती बसवण्याच्या वेळी पहाऱ्यावरचे अरब आणि गोऱ्या अधिकाऱ्याच्या हाताखालचे शिपाई यांच्यात चकमक झाली, माणसे मारली गेली. सव्वादोनशे वर्षे उलटली तरी पेठ ते विसरलेली नाही. पेठेचे स्वतःचे नावही पानिपतावर गेलेल्या आणि १७६१च्या लढाईतून परत न आलेल्या सदाशिवरावभाऊंचे आहे.

गेलेल्या माणसाची आठवण कशी ठेवायची, हे या पेठेला चांगले ठाऊक आहे. मग रस्ता ओलांडताना जी माणसे जातात, त्यांना आपण इतक्या लवकर का विसरतो?

आमच्या बचत गटात एक मावशी होत्या. पर्वतीच्या पायथ्याकडून रोज पहाटे चालत यायच्या, पेठेत चार घरी पोळ्या करायच्या. तीन वर्षांपूर्वी सकाळी सहाच्या सुमाराला मोठा रस्ता ओलांडताना एका गाडीने त्यांना उडवले. गाडी थांबली नाही, सापडलीही नाही. पुढच्या बैठकीत मी हजेरी घेतली आणि सवयीने त्यांचे नाव वाचले. कुणीच बोलले नाही. थोड्या वेळाने एकजण म्हणाली, "नशीब तिचं." आणि आम्ही हप्त्यांच्या हिशोबाला लागलो. ते मला आजही टोचते.

पुण्याच्या बायकांना रस्त्यावर चालणे फुकट मिळालेले नाही. १८४८ साली बुधवार पेठेत भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. तिथे शिकवायला जाताना सावित्रीबाई फुले यांच्या अंगावर लोक शेण आणि चिखल टाकत. त्या जास्तीचे लुगडे बरोबर ठेवत आणि दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने पुन्हा जात. १८८४ साली हुजूरपागेची शाळा निघाली, आणखी मुली घराबाहेर पडू लागल्या. तेव्हा अडवणारी माणसे होती. आज कुणी अडवत नाही, पण पदपथावर दुचाकी लावलेली असते, पुढे पाटी, पुढे खड्डा. मग डोक्यावर ओझे आणि हाताशी पोर घेऊन बाई खाली उतरते, ती थेट गाड्यांच्या रांगेत.

या पेठा वसल्या तेव्हा माणसे पायी जात, फार तर बैलगाडी किंवा घोडा. गल्ल्या त्याच मापाने आखल्या गेल्या. मोटार नंतर आली आणि घरच्या मालकिणीसारखी बसली.

मोटारीने माणूस मेल्याची इंग्लंडातली पहिली नोंद १७ ऑगस्ट १८९६ची आहे. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची ४४ वर्षांची बाई आपल्या मुलीबरोबर चालली होती. प्रदर्शनातल्या मोटारीने तिला ठोकरले. आजच्या मानाने ती गाडी अगदी हळू चालली होती. चौकशीत निकाल लागला, अपघाती मृत्यू. असे पुन्हा कधी घडू नये, अशी आशा चौकशी अधिकाऱ्याने बोलून दाखवली. तिला आता सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. २०२२ या एका वर्षात भारतात ३२,८२५ पायी चालणारी माणसे रस्त्यावर गेली, म्हणजे दिवसाला सुमारे नव्वद. इतक्या जणांचे नशीब एकदम कसे फुटेल, मैत्रिणींनो? ज्याची कारणे ठाऊक आहेत आणि उपायही ठाऊक आहेत, त्याला नशीब म्हणू नये.

१४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की चालण्याजोगा पदपथ मिळणे हा राज्यघटनेच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्याला सतरा दिवस झाले आणि ३१ मेच्या संध्याकाळी आमच्याच पेठेत, भावे हायस्कूलच्या परिसरात, चहाच्या टपरीशी उभ्या असलेल्या लोकांत एक गाडी घुसली. बाराजण जखमी झाले. त्यांत बहुतेक स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले होती. गावाकडून आईबापांनी मोठ्या आशेने पाठवलेली.

हक्क कागदावर आला की तो रस्त्यावर उतरवणे आपल्याकडे लागते. त्यासाठी काही गोष्टी लक्षात ठेवा. पदपथावर चालायला मोकळी जागा निदान १.८ मीटर, म्हणजे सुमारे सहा फूट हवी, आणि त्याची उंची १५० मिलिमीटर, म्हणजे सहा इंचांहून जास्त नको, असे इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शिका सांगते. सहा फूट, सहा इंच. गुडघे दुखणारी आजी चढू शकेल एवढेच. दुसरे, वेग. ताशी ३० किलोमीटरने धडक बसली तर चालणारा बहुधा वाचतो, ५०ने बसली तर जीव जाण्याचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. म्हणून शाळा, दवाखाना, मंडई इथे गाडी सावकाशच हवी. पुणे महापालिकेने २०१६ साली पादचारी धोरण मंजूर केलेले आहे. तेव्हा अर्ज करताना आपण नवे काही मागत नाही, ठरलेलेच मागतो.

आणि एक गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. धडक देणारी गाडी सापडली नाही तरी घरच्यांना भरपाई मिळते. १ एप्रिल २०२२पासून मृत्यू झाल्यास दोन लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास पन्नास हजार रुपये आहेत. पोलिसांत नोंद करायची आणि प्रांत किंवा तहसील कार्यालयात अर्ज द्यायचा. मावशींच्या सुनेला हे कुणी सांगितले नव्हते, आम्हीसुद्धा नाही. जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्यालाही कायद्याचे संरक्षण आहे, तेव्हा घाबरून मागे सरू नका.

आठवणीचे दोन दिवसही सांगते. रस्त्यावर गेलेल्यांचा स्मरणदिन १९९३ साली इंग्लंडात सुरू झाला. २००५ साली संयुक्त राष्ट्रांनी तो स्वीकारला. नोव्हेंबरचा तिसरा रविवार. आणि ११ डिसेंबरला आपल्या पुण्याचा पादचारी दिन असतो. २०२१ साली त्या दिवशी नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा लक्ष्मी रस्ता गाड्यांना बंद ठेवला होता. रस्त्याच्या मधून चालताना सगळ्या बायका आपोआप हसत होत्या, ते मला आठवते.

आमच्या गटाने आता एक ठरवले आहे. नोव्हेंबरच्या त्या रविवारी बैठक भरली की आधी मावशींचे नाव वाचायचे. मग एक वही उघडायची. कोणत्या वळणावर दिवा नाही, कुठले पट्टे पुसले गेलेत, कुठे पदपथ अडवलाय, हे प्रत्येकीने सांगायचे. तारीख घालून, सह्या करून अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा आणि पोच घ्यायची. पोच महत्त्वाची. हप्त्याची पावती जपतो तशी जपायची.

हजेरीवहीतले मावशींचे नाव आम्ही खोडलेले नाही. तुमच्या गटातही असे एखादे नाव असेल. ते वाचा, आणि त्याच दिवशी अर्ज लिहा.