इनाम जमीन, सारामाफी आणि धर्मसंस्था

आपल्या पाली-बीड भागात जमिनीचा सौदा ठरू लागला की घरातील वडीलधारी मंडळी पहिला प्रश्न विचारतात, "जमीन इनामी तर नाही ना?" विचारणाऱ्याला कायद्याची कलमे माहीत नसतात. परंतु मशिदीच्या, दर्ग्याच्या किंवा देवळाच्या जमिनीचा मामला इतर जमिनीपेक्षा वेगळा असतो, एवढे त्याला पक्के ठाऊक असते. धर्मसंस्थांना कर माफ असावा की नसावा, हा वाद अलीकडे वारंवार ऐकू येतो आणि दोन्ही बाजूंची विद्वान मंडळी आयकरापासून सुरुवात करतात. आपल्या मराठवाड्यात मात्र हा वाद सातबाऱ्यापासून सुरू केला पाहिजे, असे आमचे मत आहे.

या माफीचा आपल्याकडील एक फार जुना दाखला कागदावर नसून दगडावर आहे. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरातील लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याचे लेख आहेत. आपल्या कारकिर्दीच्या 18 व्या वर्षी त्याने तेथील भिक्षूंना 200 निवर्तने शेत दिले आणि त्याबरोबर सवलतीही दिल्या. सरकारी माणसांनी त्या शेतात शिरू नये, मिठासाठी ते खणू नये, अशी ती आज्ञा आहे. त्याहून बोधप्रद आहे तो 24 व्या वर्षाचा लेख. काखडी गावी दिलेले शेत कोणी कसत नाही आणि गावही ओस पडले आहे, म्हणून शहराच्या हद्दीवरील सरकारी जमिनीपैकी 100 निवर्तने द्यावीत, असे त्यात म्हटले आहे. कर माफ झाला होता, पण नांगर धरणारा हात नव्हता. मग त्या माफीचा भिक्षूंना काय उपयोग?

येथेच या विषयाची खरी किल्ली आहे. राजा इनाम देतो तेव्हा तो आपल्या खजिन्यातून रोकड काढून देत नाही. जो सारा कुळाकडून सरकारात जायचा, तो मशिदीकडे किंवा देवळाकडे वळवतो. कुळाचा घाम तेवढाच राहतो, घेणारा हात बदलतो. मोगल अमलात अशा देणग्यांना मदद-ए-माश म्हणत. बादशहा औरंगजेब याने 1690 मध्ये या देणग्या वंशपरंपरेने चालाव्यात असे फर्मान काढले, परंतु त्यातच ही जमीन आरियत, म्हणजे वापरण्यापुरती उसनी दिलेली आहे, मालकीची नव्हे, हेही स्पष्ट केले. वारसांनी फर्मानाचा पहिला भाग पाठ केला आणि दुसरा विसरले! शिवाजी महाराजांच्या राज्यातही देवस्थानांप्रमाणे पीर आणि मशिदी यांची दिवाबत्ती स्थानाप्रमाणे चालू ठेवली होती, असे सभासदाने लिहून ठेवले आहे. दिवा लावण्यासाठी दिलेले उत्पन्न दिव्यासाठीच, असा तो सरळ व्यवहार होता.

निजामाच्या अमलात हाच व्यवहार कचेरीच्या भाषेत आला. मशरूत-उल-खिदमत, म्हणजे सेवेच्या अटीवर दिलेली माश. खतीबाने खुतबा द्यावा, मुजावराने दर्ग्याची झाडलोट करावी, पुजाऱ्याने पूजा करावी आणि त्याबदली जमिनीचे उत्पन्न घ्यावे. चौकशी होऊन जो निर्णय मिळे तो मुंतखब. ज्या घरात असा मुंतखब आहे तेथे तो जिवापाड जपलेला असतो. मात्र त्यावर लिहिलेली अट कोणी वाचून दाखवत नाही.

17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाची राजवट संपली. 1952 मध्ये अतियात चौकशीचा कायदा झाला आणि 1955 मध्ये हैदराबाद राज्यात इनामे व रोख अनुदाने रद्द करणारा कायदा अमलात आला. खाजगी इनामदारी गेली. परंतु धार्मिक व धर्मादाय संस्थांच्या इनामांना त्या कायद्याने हात लावला नाही. नव्या लोकशाही सरकारने जुन्या राजांचा शब्द पाळला, असेच म्हटले पाहिजे. आपण तो कितपत पाळला? अलीकडच्या वर्षांत आपल्याच बीड जिल्ह्यात वक्फ आणि देवस्थान अशा दोन्ही प्रकारच्या इनाम जमिनींच्या हस्तांतरणाची प्रकरणे पोलिसांपर्यंत गेली. या बाबतीत हिंदू-मुसलमान असा भेद दिसत नाही, ही एकात्मता कोणाला अभिमानाची वाटणार नाही.

आता आजच्या करांकडे वळू. आपल्या संविधानात धर्मसंस्थेला करमाफीचा हक्क दिलेला नाही. कलम 27 एवढेच सांगते की, एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी राखून ठेवलेला कर कोणावर लादता येणार नाही. मार्च 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालील वर्गणीचा प्रश्न आला, तेव्हा रतिलाल गांधी खटल्यात न्यायालयाने ती देखरेखीच्या खर्चाची फी आहे म्हणून वैध ठरवली. त्याच महिन्यात मद्रासकडील शिरूर मठाच्या खटल्यात तशीच वर्गणी कर ठरून रद्द झाली. मुंबई महापालिकेच्या 1888 च्या कायद्याने प्रार्थनास्थळांना मालमत्ता करात सूट दिली, पण ज्या भागाचे भाडे येते किंवा जेथे व्यापार चालतो, त्याला ती सूट नाही. पुढे 1961 च्या आयकर कायद्यानेही उत्पन्नाच्या 85 टक्के रक्कम संस्थेच्या उद्देशावर खर्च करण्याची अट घातली.

मुंबईच्या कायद्यातील ही विभागणी आम्हाला पटते. नमाजाच्या जागेवर किंवा गाभाऱ्यावर कर नको. मशिदीच्या रस्त्याकडील गाळ्यांचे भाडे ही वेगळी गोष्ट आहे. पालीजवळ बिंदुसरेवर धरण बांधले ते जनतेच्या पैशातून. रस्ता, पाणी, पोलीस हे गाळेवाल्या संस्थेलाही लागतात. त्या भाड्यातून यतीम मुलांच्या वह्या येत असतील, मुलींच्या वसतिगृहाचे दिवे जळत असतील, तर सरकारने ते जरूर सोडून द्यावे. तसे नसेल तर सूट मागताना आपलीच मान खाली जाते. हे आमच्यासारख्या शिक्षणसंस्थांनाही लागू आहे, कारण आपणही याच सवलतीच्या सावलीत वाढलो.

वक्फ संस्थांपुरते बोलायचे तर 1995 च्या कायद्यानुसार, वार्षिक निव्वळ उत्पन्न 5,000 रुपयांपेक्षा कमी नसलेल्या वक्फाने बोर्डाला सात टक्के वर्गणी द्यावयाची होती. 2025 च्या दुरुस्तीने तिची कमाल मर्यादा पाच टक्के झाली. म्हणजे शंभर रुपयांमागे दोन रुपये वाचले. ते कोणत्या खात्यावर पडले, हे जमातीने आपल्या मुतवल्लीसाहेबांना येत्या वार्षिक हिशेबाच्या वेळी अदबीने विचारावे.