वसईच्या कोटातील परक्यांची घरे

1534 च्या तहाने गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केल्यावर खाडीच्या मुखाशी जे तटबंदीचे नगर वसले, त्याचा इतिहास बहुधा तोफा, तह आणि चिमाजी अप्पांचा वेढा यांच्याच अंगाने सांगितला जातो. कोटातल्या घरांची दखल त्यात क्वचितच घेतली जाते. लष्करी चाकरीतून मोकळा होऊन, लग्न करून वसाहतीतच स्थायिक झालेल्या पोर्तुगिजाला ‘कसादो’ म्हणत, आणि युरोपातून स्त्रिया फारच थोड्या येत असल्याने त्याची पत्नी पुष्कळदा इथलीच, बाप्तिस्मा घेतलेली असे. अशा विवाहांना गोव्यात पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकेर्कने उत्तेजन दिले, ते औदार्यापोटी नव्हे, मनुष्यबळाच्या टंचाईपोटी. त्यांच्या संततीला ‘मेस्तिसो’, म्हणजे मिश्र वंशाची, म्हणत आणि तिचा दर्जा पोर्तुगालात जन्मलेल्यांहून खालचा मानत.

अशाच एका घरात 1556-57 च्या सुमारास गोन्सालो गार्सिया जन्मला. वडील पोर्तुगीज सैनिक. आई मात्र चरित्रांतून बहुधा ‘वसईची स्त्री’ एवढ्याच ओळखीने येते. किशोरवयात जेझुइटांबरोबर जपानला गेलेल्या या मुलाला त्यांच्या संघात प्रवेश मिळाला नाही. तो व्यापारात शिरला, पुढे मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि जपानी उत्तम येत असल्याने 1593 मध्ये मनिलाहून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे गेलेल्या शिष्टमंडळाचा दुभाषी बनला. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत क्रूसावर मारलेल्या 26 ख्रिस्ती हुतात्म्यांत तो होता.

गार्सिया हे आडनाव त्याला वडिलांकडून आले. पण वसईच्या गावांतल्या लोपीस, डिमेलो, रॉड्रिग्ज या आडनावांवरून पोर्तुगीज रक्ताचा तर्क करणे चुकीचे ठरते, कारण ती बहुतांशी बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मगुरूकडून किंवा धर्मपित्याकडून मिळालेली आहेत. नावे पोर्तुगीज झाली तरी इथला सामवेदी ख्रिस्ती, म्हणजेच कुपारी समाज, सामवेदी ब्राह्मणांशी समान असलेली बोली बोलत राहिला आणि त्याच्या स्त्रियांनी लाल लुगडे सोडले नाही. 1739 मध्ये कोट मराठ्यांच्या हाती गेल्यावर पोर्तुगीज घराणी वसई सोडून गेली. मागे उरला तो हाच मराठी बोलणारा ख्रिस्ती समाज, आणि गोन्सालोला 1862 मध्ये संतपद मिळाल्यावर त्याला आपला मानले तेही याच समाजाने, अर्थात आईच्या आणि जन्मभूमीच्या नात्याने. बापाच्या वंशाकडे बोट दाखवून त्याला भारतीय संतांत न गणणारेही आहेत, आणि 2008 मध्ये केरळच्या अल्फोन्सा यांना संतपद मिळाले तेव्हा हा वाद पुन्हा निघाला.