पाण्याआधीचे ९६ तास

८ नोव्हेंबर २०१३ च्या सकाळी 'हायान' चक्रीवादळ फिलिपिन्सच्या मध्य बेटांवरून गेलं. फिलिपिन्समध्ये त्याला 'योलांडा' म्हणतात. सरकारी नोंदीप्रमाणे ६,३०० माणसं दगावली आणि हजाराहून अधिक कायमची बेपत्ता झाली. यातले बहुतेक जण वाऱ्याने नाही, पाण्यात बुडून मेले. वादळ येतंय हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते किती जबर आहे, कुठे धडकणार, याचा अंदाजही चुकला नव्हता. तरी एवढी माणसं गेली, म्हणून ते तास एकेक करून पाहायला हवेत. टॅक्लोबान शहरात पाणी शिरलं ते सकाळी आठच्या सुमारास. उलटी मोजणी तिथूनच.

९६ तास आधी : सोमवार, ४ नोव्हेंबर, सकाळी ८

मायक्रोनेशियातल्या बेटांजवळ पॅसिफिकवर घोंघावणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्याचं वादळात रूपांतर झालं. जपानच्या हवामान खात्याने त्याचं 'हायान' असं नामकरण केलं. पश्चिमेला सात हजारांहून अधिक बेटांचा फिलिपिन्स. या देशाच्या हद्दीत वर्षाला वीसेक वादळं शिरतात. छपराचे पत्रे बांधून ठेवायचे, होडी वर ओढायची, तांदूळ-पाणी भरून घ्यायचं, हे तिथल्या घराघरांत अंगवळणी पडलेलं आहे. सोमवारी कुणी घाबरावं असं काही नव्हतं.

४८ तास आधी : बुधवार, ६ नोव्हेंबर

दोन दिवसांत चित्र पालटलं. वादळाच्या वाटेतला समुद्र नुसता वरवर तापलेला नव्हता, खोलवर तापलेला होता. अशा ठिकाणी वादळाने पाणी घुसळलं तरी खालून गार पाणी वर येत नाही, आणि वादळाला ऊर्जा मिळतच राहते. वरच्या थरातले वारेही त्याचा डोलारा मोडण्याइतके जोरकस नव्हते. 'हायान'ने झपाट्याने ताकद कमावली आणि सर्वांत वरच्या श्रेणीत जाऊन बसलं.

त्याच दिवशी ते फिलिपिन्सच्या देखरेखीच्या क्षेत्रात शिरलं. तिथल्या 'पगासा' या हवामान संस्थेने त्याला 'योलांडा' हे स्थानिक नाव दिलं. वाटेजवळच्या बोहोल बेटावर १५ ऑक्टोबरला ७.२ तीव्रतेचा भूकंप झालेला. घरं पडलेली कुटुंबं अजून तंबूतच होती.

सुमारे ३० तास आधी : गुरुवार, ७ नोव्हेंबर, पहाटे

वादळ पलाऊ देशाच्या उत्तर टोकाच्या कायांगेल या प्रवाळबेटावरून गेलं. बेटावर सत्तरेक माणसं. घरं उद्ध्वस्त झाली, पण जीव गेला नाही. पुढे काय येणार आहे, त्याची ही चुणूक होती.

२४ तास आधी : गुरुवार, दिवसभर

सेबू प्रांतातल्या कामोतेस बेटांजवळ तुलांग दियोत नावाचं चिमुकलं बेट आहे. हजारभर वस्ती, पाचेकशे घरं, उंचवटा नावाला नाही. ते सान फ्रान्सिस्को नगरपालिकेत मोडतं. या नगरपालिकेने वर्षानुवर्षं 'पुरोक' पद्धत जोपासली होती. पुरोक म्हणजे आपल्याकडच्या वाडीएवढी वस्ती. तिची स्वतःची समिती असते. कुठल्या घरात म्हातारं माणूस आहे, कुठे तान्हं मूल आहे, कुणाची होडी आहे, याचा हिशोब समितीकडे असतो. या कामासाठी २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा सासाकावा पुरस्कारही मिळाला होता. वादळाआधी इथल्या लोकांना नुसतं 'सावध राहा' सांगितलं नाही, तर बेट रिकामं करायचंय असं सांगितलं. झाडून सगळी माणसं होड्यांतून मोठ्या बेटावर नेली. कुणीही मागे राहिलं नाही.

तिकडे लेयते बेटावरचं टॅक्लोबान सव्वादोन लाख वस्तीचं प्रांतिक शहर. बंदर, बाजारपेठ, कॉलेजं; समुद्रात घुसलेल्या चिंचोळ्या जिभेवर विमानतळ, आणि त्याच पट्टीवर सान होसेची दाट कोळीवस्ती. शहरातही स्थलांतर चाललं होतं. शाळा उघडल्या होत्या, 'ॲस्ट्रोडोम' या मोठ्या सभागृहात हजारो माणसं येत होती. पण बऱ्याच घरांतून बायका-मुलं तेवढी पुढे गेली आणि चीजवस्तू राखायला पुरुष मागे थांबले. वारा सुटला तर पत्रे उडतील, पुन्हा बसवू, असा हिशोब होता. आणि ज्या इमारती निवाऱ्यासाठी ठरल्या होत्या, त्यांतल्या काही समुद्राला खेटूनच होत्या. वाऱ्याला त्या पुरल्या असत्या, पाण्यासाठी त्यांची परीक्षा कुणी घेतली नव्हती.

१४ तास आधी : गुरुवार, संध्याकाळ

समार आणि लेयतेवर चौथ्या क्रमांकाचा बावटा लागला. त्या वेळी त्याहून वरचा क्रमांकच नव्हता. राष्ट्राध्यक्ष बेनिन्यो अकिनो यांनी दूरचित्रवाणीवरून देशाला सावध केलं, पाच ते सहा मीटरच्या लाटांचा धोकाही बोलून दाखवला. संरक्षणमंत्री आणि गृहमंत्री टॅक्लोबानमध्ये येऊन थांबले होते. म्हणजे सरकार झोपलेलं नव्हतं.

पण सहा मीटर म्हणजे माझ्या घरात कुठवर? माझी गल्ली बुडणार का, शाळेचा तळमजला बुडणार का? शहराच्या नकाशावर रेघ मारून हे कुणी दाखवलं नव्हतं. वाऱ्याचा वेग लोकांना अनुभवाने कळत होता. पाण्याची उंची मात्र कानावर पडली आणि इतर आकड्यांत हरवून गेली.

१२ तास आधी : गुरुवार, रात्री ८

वादळाच्या मध्यावर हवेचा दाब ८९५ मिलीबारवर आला. एरवी तो १,०१० च्या आसपास असतो. दाब एक मिलीबारने घटला की समुद्र साधारण एक सेंटिमीटर फुगतो. म्हणजे दाबामुळे पाणी चढणार ते जेमतेम मीटरभर. खरा घात वाऱ्याचा. तो पाणी ढकलत किनाऱ्याशी आणतो, आणि समुद्र उथळ असला तर पाण्याला खालून परत जायला वाट उरत नाही.

लेयतेचं आखात दक्षिणेकडे रुंद आहे. उत्तरेला ते निमुळतं होत जातं आणि शेवटी सान पेद्रोच्या उथळ उपसागरात संपतं. टॅक्लोबान नेमकं त्या टोकाशी आहे. ऑक्टोबर १८९७ मधल्या वादळात याच किनाऱ्यांवर समुद्र आत शिरला होता. मनिला वेधशाळेचे जेझुइट पाद्री होसे आल्गे यांनी त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहून ठेवला आहे. माहिती होती, ती शंभर वर्षांहून जुनी होऊन कपाटात होती.

६ तास आधी : शुक्रवार, ८ नोव्हेंबर, रात्री २

अमेरिकी नौदलाच्या टायफून केंद्राने उपग्रहचित्रांवरून वाऱ्याच्या वेगाचा अंदाज दिला : ताशी ३१५ किलोमीटर. वादळ स्वतः ताशी चाळीसेक किलोमीटरने पुढे सरकत होतं. आता कुणाला हलवणं शक्य नव्हतं.

३ तास २० मिनिटं आधी : पहाटे ४.४०

समार बेटाच्या दक्षिण टोकाला ग्वियुआन इथे वादळ जमिनीवर आलं. तिथलं डॉप्लर रडार उद्ध्वस्त झालं. वादळाकडे लावलेला डोळाच फुटला. त्याच किनाऱ्यावरच्या हर्नानी गावात प्रवाळखडक ओलांडून पाण्याची भिंत आली आणि घरंच्या घरं पायासकट उचलून घेऊन गेली. प्रवाळखडक किनाऱ्याचं रक्षण करतो हे एरवी खरं आहे. इथे मात्र खडकावर फुटलेल्या लाटांची ताकद एकवटून पुढे आली, असं नंतरच्या अभ्यासात दिसलं.

१ तास आधी : सकाळी ७

वादळाचा मध्य टॅक्लोबानच्या दक्षिणेला, तोलोसाजवळ, लेयतेवर चढला. तोवर शहरावर वारा उत्तरेकडून होता. त्याने उपसागरातलं पाणी बाहेर लोटलं आणि किनारा मागे सरला. मग केंद्र पश्चिमेला निघालं तसा वारा फिरला. पूर्वेकडून, मग आग्नेयेकडून. बाहेर लोटलेलं पाणी आणि त्यामागचं सगळं आखात आता शहराकडे वळलं.

पाणी

ते भरतीसारखं चढलं नाही. घोट्याशी होतं ते काही मिनिटांत छातीशी आलं, मग डोक्यावरून गेलं. शहराच्या सखल भागांत पाच-सहा मीटर. वारा आत येऊ नये म्हणून माणसांनी दारं-खिडक्या घट्ट लावून घेतल्या होत्या. पाणी भरल्यावर तीच घरं पिंजरे झाली. ज्यांना जमलं त्यांनी हातांनी छताचे तक्ते फोडले, आढ्याला लोंबकळले. ॲस्ट्रोडोमच्या खालच्या भागात पाणी शिरलं तशी माणसं वरच्या पायऱ्यांकडे धावली. वर जागा होती म्हणून तिथे हजारो वाचले. सान होसेच्या कोळीवस्तीत वर जायला काहीच नव्हतं. शहरातल्याच अनिबोंग भागात मोठमोठी जहाजं किनारा ओलांडून घरांवर येऊन बसली.

नंतरचे तास

९.४० ला दानबांतायान, १०.४० ला बांतायान, दुपारी १२ ला कोन्सेप्सियोन, रात्री ८ ला बुसुआंगा. वादळ एकूण सहा वेळा जमिनीवर चढलं. टॅक्लोबानमधले फोन, वीज, रस्ते, विमानतळ, सगळं एका सकाळीत गेलं. ४१ लाख लोक बेघर किंवा विस्थापित झाले. ११ लाखांवर घरांची पडझड झाली, त्यातली निम्मी जमीनदोस्त.

तुलांग दियोतवरही एक घर धड उरलं नाही. माणूस मात्र एकही दगावला नाही. इमारतींच्या बळावर ते बेट तगलं असतं असं कुणी म्हणू शकणार नाही. तिथे भक्कम काही नव्हतंच. माणसांनी नेमक्या वेळी नेमकी जागा सोडली, एवढंच तिथे घडलं. तेवढ्यासाठी मात्र आधीची कित्येक वर्षं कामी आली होती.

फिलिपिन्सने यातून धडा घेतला. गावागावांचे पाण्याचे नकाशे लोकांसमोर आले, वादळाने चढणाऱ्या पाण्याचा इशारा वाऱ्यापासून वेगळा देण्याची व्यवस्था झाली, २०१५ मध्ये पाचव्या क्रमांकाचा बावटा आला. पण खरी कसोटी त्याआधीच लागली. डिसेंबर २०१४ मध्ये 'हागुपित' वादळ पुन्हा पूर्व समारच्याच किनाऱ्यावर आलं. ते 'हायान'एवढं जबर नव्हतं, हे खरं. पण ते जबर असतं तरी त्याला रिकामे किनारे सापडले असते, कारण दहा लाखांहून अधिक लोक आधीच उठून गेले होते. मृतांचा आकडा दोन अंकी राहिला, हजारांत गेला नाही.

वादळाचा मार्ग आपल्या हातात नाही. पण ९६ तास हा लहान अवधी नाही. त्यात प्रत्येक घराला दोन गोष्टी कळायला हव्यात : पाणी माझ्या भिंतीवर कुठवर येणार, आणि त्याहून उंच अशी माझी जागा कोणती. टॅक्लोबानला वाऱ्याचा वेग किलोमीटरमध्ये सांगितला गेला होता. या दोन गोष्टी सांगितल्या गेल्या असत्या, तर सान होसेतली कितीतरी माणसं आज असती.